लाल दिवा लागल्यावर सिस्टरनं काय वाचायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै लागला की आमच्या धंद्यातल्या माणसाचा फोन दिवसभर वाजतो. 'दादा, तेवढा बी फॉर्म देऊन टाका' हे वाक्य आज दुपारपर्यंत मी चार ठिकाणांहून ऐकलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्यानुसार आगीची यंत्रणा नुसती बसवून भागत नाही. ती चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र इमारतीच्या मालकानं किंवा ताबेदारानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. तोच हा बी नमुना. मी अशाच एका एजन्सीकडे तंत्रज्ञ आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. मिरज, सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर या पट्ट्यात २२ वर्षं फायर अलार्मच्या केबली ओढतो, पॅनल बसवतो, बिघडली की दुरुस्त करतो. या पत्रात मला रिपीटर पॅनलबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल, तीही सांगतो.

मोठ्या दवाखान्यात, हॉटेलात, कारखान्यात फायर अलार्मचं एक मुख्य पॅनल असतं. छतावरचे धुराचे डिटेक्टर, जिन्याजवळची दाबायची लाल डबी, हूटर, या सगळ्यांच्या तारा तिथं येतात. नव्या पद्धतीत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो. पॅनल एकेकाला सारखं विचारत राहतं, 'ठीक आहेस का?', आणि तो उत्तर देतो. धूर लागला तर कुणाला लागला हे पॅनलच्या पडद्यावर उमटतं. आता हे पॅनल बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर, वॉचमनच्या केबिनमध्ये नाहीतर मीटररूममध्ये असतं, आणि आजारी माणसं असतात वर. म्हणून खाली जे दिसतं तेच वर दाखवणारं एक छोटं पॅनल दुसऱ्या जागी लावतात. तो रिपीटर. बहुतेक रिपीटर स्वतः काही ठरवत नाहीत. दोन तारांवरून मुख्य पॅनल जे कळवेल ते दाखवायचं आणि बझर वाजवायचा, एवढंच त्यांचं काम. काहींवरून हूटर बंद करता येतो, रीसेट करता येतं. काही नुसतेच दाखवतात.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्या इमारतीत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, तिथल्या यंत्रणेबद्दल मी बोलणारही नाही. पण त्या बातमीनंतर राज्यभर दवाखान्यांचे फायर ऑडिट सुरू झाले आणि आमच्याकडे कामांची रांग लागली. एकाच वेळी सहा-सात ठिकाणी केबल ओढायचं काम चालू होतं. त्यातलाच एक दवाखाना, पाच मजल्यांचा. नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नाही. तिथं मी तळमजल्यावर मुख्य पॅनल बसवलं आणि तिसऱ्या मजल्यावर, जिथं रात्रभर सिस्टर असतात त्या काउंटरजवळ, रिपीटर लावला. ९४ डिटेक्टर. टेस्टिंग केलं, प्रत्येक डिटेक्टरला तपासणीचा धुराचा स्प्रे मारून पाहिला, सगळे वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडओव्हर होता.

एक काम राहिलं होतं. प्रत्येक डिटेक्टरच्या नंबरापुढं त्याच्या जागेचं नाव टाकायचं असतं. ते टाकलं नाही तर पॅनल आपलं कारखान्यातून आलेलं नाव दाखवतं, 'लूप २ डिव्हाइस ४७' असं. ९४ नावं टाकायला लॅपटॉपवरसुद्धा अर्धा दिवस जातो, आणि ती नावं आधी कुणीतरी गोळा करून द्यावी लागतात. ती दिली नव्हती. मी मागितलीही नव्हती. पुढच्या व्हिजिटला टाकू म्हणून हँडओव्हर दिला. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली.

त्याच पावसाळ्यात एका रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड तापला आणि शेजारी रचलेल्या गाद्यांना धग लागली. ज्वाळा नव्हत्या, कापूस आतल्या आत धुमसत होता. डिटेक्टरनं आपलं काम केलं. पॅनलच्या नोंदीत वेळ आहे, २ वाजून ४१ मिनिटं. हूटर वाजला. तिसऱ्या मजल्यावर रिपीटरचा लाल दिवा लागला, बझर वाजला, पडद्यावर अक्षरं आली: लूप २ डिव्हाइस ४७. सिस्टर समोरच होत्या. त्यांनी वाचलं. आणि ते वाचून काय करायचं हे त्यांना कळेना, कारण त्यात कळण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांनी खाली वॉचमनला फोन लावला. मुख्य पॅनलवरही तीच अक्षरं. वॉचमन म्हणाला, 'सिस्टर, ते कायबी दाखवतंय, पाऊस पडला की बोंबलतंय.' तेही खोटं नव्हतं. नेब्युलायझरची वाफ, ऑटोक्लेव्हचा दमटपणा, डासांची धूरफवारणी, डिटेक्टरच्या जाळीत शिरलेलं चिलट, यातलं काहीही पुरतं आणि अलार्म होतो. त्यानं खालून हूटर बंद केला. सिस्टरनी आपल्या मजल्यावरच्या खोल्या एकेक करून बघायला सुरुवात केली. त्या मजल्यावर १९ पेशंट होते, ३ ऑक्सिजनवर. २ वाजून ४८ मिनिटांनी पॅनलवर दुसरी नोंद आली, चौथ्या मजल्याच्या पॅसेजमधल्या डिटेक्टरची. म्हणजे सात मिनिटांत धूर दाराच्या फटीतून बाहेर आला होता. पडद्यावर मात्र पुन्हा एक नुसता नंबर.

आग सापडली ती एका मावशींमुळे. चौथ्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या, जिन्याजवळ पथारी टाकून पडलेल्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, 'कापूस जळतोय. अंधारीत.' त्या थेट त्या दाराशी गेल्या. कडी तापली होती, हाताला फोड आले. वॉर्डबॉयनं आग विझवायचा सिलिंडर मारला, गाद्या गच्चीवर ओढून नेल्या. जीव कुणाचा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. मला वाटलं होतं, आता सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागणार. सिस्टर काही रागावून बोलल्या नाहीत. त्यांची ड्युटी संपून दोन तास झाले होते, तरी थांबल्या होत्या. मला रिपीटरसमोर उभं केलं, पॅनलमधली रात्रीची नोंद काढायला लावली आणि म्हणाल्या, 'दादा, वाचा. आणि सांगा, मी कुठं जायला पाहिजे होतं?' मला सांगता आलं नाही. पॅनल माझ्या हातानं बसवलेलं, केबल माझ्या हातानं ओढलेली, आणि ४७ नंबर कुठल्या छताला आहे हे बघायला मला गाडीच्या डिकीतून नकाशा आणावा लागला.

तेव्हापासून नावं टाकल्याशिवाय मी हँडओव्हरच्या कागदावर सही केलेली नाही.

त्याच दुपारी आम्ही नावं गोळा करायला निघालो. मी, हातात नकाशा, आणि सोबत त्याच मावशी, उजव्या हाताला पट्टी बांधलेल्या. आर्किटेक्टच्या नकाशात खोल्यांची नावं होती 'स्टोअर १' ते 'स्टोअर ६'. एकही सिस्टर, एकही वॉर्डबॉय ती नावं वापरत नाही. ४७ नंबर ज्या खोलीत होता ती नकाशात 'स्टोअर ४'. मावशी म्हणाल्या, 'याला आम्ही अंधारी म्हंतो. खिडकी न्हाई बगा एक बी.' दुसऱ्या मजल्यावरचं डायलिसिस सगळ्यांच्या तोंडी अजून 'जुनं डिलक्स' आहे, कारण आधी तिथं डिलक्स रूम होत्या. तळमजल्यावरचा एक कोपरा 'एसटीडी'. तिथं कधीकाळी एसटीडीचा बूथ होता. ज्या पोरींनी असा बूथ डोळ्यांनी पाहिलेला नाही त्याही 'एसटीडीपाशी थांब' असंच म्हणतात. मिरजेत कन्नड बोलणाऱ्या सिस्टर खूप, केरळच्याही आहेत. पण 'अंधारी' हा शब्द नव्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात येतो, कारण चादरी तिथूनच आणायच्या असतात. या नावांची यादी कुठल्याही कागदावर नव्हती. ती मावशींना पाठ होती.

दोन दुपारी गेल्या. त्या फिरण्यात जे शिकलो ते लिहितो, कारण ते मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडलं नव्हतं.

पडद्यावर आधी मजला यायला हवा. सिस्टरला पहिला निर्णय घ्यायचा असतो तो वर धावायचं की खाली, हा. नंतर बाजू, पण पूर्व-पश्चिम नको. रात्री पावणेतीनला पूर्व कुठली हे कुणाला सुचत नाही. 'लिफ्टकडे', 'रस्त्याकडे', 'मागच्या जिन्याकडे' असं हवं. मग त्या खोलीचं बोलीतलं नाव. आणि जागा उरली तर आत काय आहे ते: गाद्या, औषधं, ऑक्सिजन. हे शेवटचं अग्निशमन दलासाठी. त्यांच्या जवानाला 'अंधारी' ठाऊक नसते, पण 'चौथा मजला, मागचा जिना' एवढ्यावर तो पोचतो आणि 'गाद्या' वाचून काय जळत असेल हे ओळखतो. मी वापरतो त्या पॅनलमध्ये एका नावाला ३२ अक्षरं मिळतात, त्यात हे सगळं बसवायला थोडी कसरत होते. मराठी अक्षरं उमटणारं पॅनल माझ्या हाताखाली अजून आलेलं नाही. त्यामुळे शब्द मराठी आणि लिपी इंग्रजी, असं करावं लागतं. ज्यांना ते वाचायला जड जातं त्यांच्यासाठी पॅनलशेजारी प्रत्येक मजल्याचा साधा नकाशा मराठीत काढून लॅमिनेट करून लावतो, नंबर मोठे आणि लाल.

आता जागेबद्दल. रिपीटर कुठं लावायचा हे मी पूर्वी दिवसा ठरवायचो. व्यवस्थापक, आर्किटेक्ट, मी, तिघं मिळून भिंत बघायचो, आणि भिंत कशी, तर जिथं पॅनल डोळ्यांत खुपणार नाही अशी. आता मी रात्री अकरानंतर जातो. दिवसा दवाखान्यात सगळीकडे माणसं असतात. रात्री एखाद-दुसरंच काउंटर जागं असतं. जो मजला झोपतो तिथं रिपीटर लावून उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी अतिदक्षता विभागाचं काउंटर सर्वांत खात्रीचं, कारण तिथली माणसं पहाटे चारलाही उभी असतात. मी सिस्टरच्या खुर्चीत बसून पाहतो, तिथून लाल दिवा दिसतो का. पडदा उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर यायला हवा. आमच्याकडे तो जमिनीपासून दीड मीटरवर लावायची सवय आहे. पाच फुटांच्या सिस्टरला त्यासाठी टाचा उचलाव्या लागतात, म्हणून मी तो थोडा खाली घेतो. औषधांच्या फ्रिजच्या वर, दार उघडल्यावर मागं झाकलं जाईल अशा भिंतीवर, पडद्याआड, अशा सगळ्या जागा मी पाहिलेल्या आहेत.

अतिदक्षता विभागात एक अडचण येते आणि ती सिस्टरनीच दाखवून दिली. तिथं मॉनिटर वाजतो, सिरिंज पंप वाजतो, व्हेंटिलेटर वाजतो. त्यात रिपीटरचा बझरही तसाच टिटि करतो. सिस्टर आधी पेशंटकडे धावणार, आणि ते बरोबरच आहे. त्यावर मी रिपीटरच्या वर छताला लागून एक लाल फ्लॅशर लावायला लागलो. मॉनिटरचे छोटे लाल दिवेही चमचमतात, पण छताजवळून येणारा तसा उजेड वेगळा ओळखू येतो.

केबलबद्दल थोडं. थोडंच, कारण हे आमच्या बिरादरीसाठी आहे, पण मालकांनीही वाचावं. मुख्य पॅनल आणि रिपीटर यांच्यात बहुधा आरएस-४८५ पद्धतीची जोडणी असते. पीळ दिलेली, वरून जाळीचं आवरण असलेली दोन तारांची केबल. तिच्यात मधून फाटा काढायचा नसतो, एका पॅनलातून दुसऱ्यात अशी सरळ साखळी न्यायची. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. जाळीचं अर्थिंग एकाच टोकाला. लिफ्टच्या आणि एसीच्या पॉवर केबलीपासून लांब. हे पाळलं नाही तर रिपीटर चालतो, पण लिफ्ट सुरू झाली की क्षणभर संपर्क तुटतो आणि पिवळा दिवा लागतो. मग माणसं त्या पिवळ्या दिव्याला सरावतात.

खरी चूक होते ती केबलच्या निवडीत. 'एफआरएलएस वापरली आहे' असं आम्हीही अभिमानानं सांगतो. त्या केबलवर ज्योत पसरत नाही आणि ती धूर कमी सोडते. ती आगीत चालू राहते असा त्याचा अर्थ होत नाही. रिपीटरला आगीच्या वेळीच बोलायचं असतं. त्यासाठी आगीतही काही काळ टिकणारी वेगळी केबल मिळते, महाग असते, आणि कोटेशनमध्ये पहिली कात्री तिलाच लागते. पैसे अगदीच नसतील तर निदान ती केबल इलेक्ट्रिकच्या डक्टमधून वर नेऊ नका. आग लागायची सर्वांत जास्त भीती त्याच डक्टला असते.

रिपीटरला लागतो २४ व्होल्ट डीसी. तो खालच्या पॅनलकडूनच आणला की लांबच्या मजल्यापर्यंत दाब उतरतो. एका ठिकाणी मला वर १९ व्होल्ट मिळाले होते आणि पडदा मधूनच पांढरा पडत होता. लांब असेल तर वर वेगळा पॉवर सप्लाय आणि बॅटऱ्या द्याव्या. आणि मुख्य पॅनलच्या सेटिंगमध्ये रिपीटरची नोंद करायला विसरू नये. ती केली नाही तरी काही पॅनलांवर रिपीटर चालतो. पण उद्या उंदरानं केबल तोडली तर खाली कुणाला कळत नाही की वरचा मुका झालाय. मी दरवेळी रिपीटरची केबल स्वतः उपटतो आणि थांबतो. खालच्या पॅनलवर फॉल्ट आला, वरच्या पडद्यावर संपर्क तुटल्याचं आलं, तरच पुढं जातो.

सांगलीकडच्या वाचकांना आणखी एक सांगायला हवं. २०१९ च्या महापुरात एका इमारतीचं मुख्य पॅनल तळमजल्यावर पाण्याखाली गेलं. वरचा रिपीटर कोरडा ठणठणीत होता, त्याला वेगळी बॅटरीही होती, आणि तरी तो दाखवत होता एवढंच, की खालून काही ऐकू येत नाही. त्या दिवसांत वरच्या मजल्यांवर माणसं राहत होती, मेणबत्त्या लावून. आरशासमोर काही नसेल तर आरसा काय दाखवणार? नदीकाठच्या गावांत मुख्य पॅनलच पुराच्या खुणेच्या वर हवं, आणि खाली दारापाशी अग्निशमन दलासाठी रिपीटर. उलटी मांडणी, पण आपल्याकडे तीच शहाणपणाची. उंच इमारतींबाबत राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये फायर कमांड सेंटर, म्हणजे आगीची यंत्रणा सांभाळायची खोली, तळाशी, प्रवेशाच्या मजल्यावर सांगितली आहे. तिथं ती खोली पाण्यापासून कशी वाचेल हे आधी बघावं.

आता बटणं. रात्रपाळीच्या माणसाला मी चारच गोष्टी शिकवतो आणि त्याच क्रमानं. लाल दिवा लागला की कशालाही हात लावायच्या आधी पडदा मोठ्यानं वाचायचा, म्हणजे शेजारचा दुसरा माणूस ऐकतो आणि त्या जागेकडे निघतो. मग ॲक्नॉलेज. त्यानं पॅनलचा बझर थांबतो, बाहेरचे हूटर चालू राहतात. माणूस जागेवर पोचून धूर नाही म्हणून सांगेल तेव्हाच सायलेन्स. आणि रीसेट सगळ्यात शेवटी.

या रीसेटवर मला जास्त बोलायचं आहे. आवाज नकोसा झाला की माणसाचं बोट आपोआप रीसेटकडे जातं. रीसेट दाबलं की पडद्यावरचं नाव पुसलं जातं, छतावरच्या डिटेक्टरचा पेटलेला छोटा लाल दिवाही विझतो. धूर असेल तर अलार्म परत येईल हे खरं, पण मधली मिनिटं गेली. आणि धूर विरळ असेल, दाराआड असेल, तर कुठला डिटेक्टर बोलला होता हे सांगणारी समोरची खूण गेली. नोंद पॅनलच्या पोटात राहते, पण ती काढायचा मेनू रात्री कुणाला उघडता येतो? एकाहून जास्त अलार्म आले तर सगळ्यात आधीचा कुठला, ते बाणाच्या बटणानं मागं जाऊन बघायचं. धूर पसरतो तशी नावं वाढत जातात, आग असते ती बहुधा पहिल्या नावापाशी. बंब आल्यावर अधिकारी हेच विचारतात: पहिला कुठं वाजला? सायलेन्स केल्यावरही नव्या जागी धूर लागला तर हूटर पुन्हा वाजायला हवा. तो वाजतो का हे मी सिस्टरच्या समोर दोन डिटेक्टरना स्प्रे मारून दाखवतो. त्यांनी तो आवाज एकदा ऐकलेला असावा.

किल्लीचंही तसंच. बटणं चालण्यासाठी बहुतेक रिपीटरना किल्ली किंवा पासवर्ड लागतो. किल्ली मेंटेनन्सच्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, साहेब घरी विश्रामबागेत. एका ठिकाणी मी विचारलं तर उत्तर आलं, 'हरवेल म्हणून त्यांच्याकडं दिली.' किल्ली काउंटरच्या ड्रग कपाटाच्या जुडग्यात हवी. ते जुडगं प्रत्येक पाळीला हातातून हातात जातं आणि रजिस्टरला नोंद होते. दवाखान्यातली इतकी जपून दिली-घेतली जाणारी दुसरी वस्तू नाही.

या महिन्यातली गोष्ट. एका दवाखान्यात तपासणीला गेलो, तर रिपीटरवर एका जागी पांढरी चिकटपट्टी लावलेली, सलाईनची सुई बसवताना हाताला लावतात तीच. पट्टी काढली. खाली डिसेबलचा पिवळा दिवा. रंगकामाच्या वेळी धूळ उडते म्हणून मुलांच्या वॉर्डचे ६ डिटेक्टर बंद केले होते. रंगकाम संपून महिने झाले. तो पिवळा दिवा रोज रात्री सांगत होता, आणि रात्री डोळ्यावर येतो म्हणून कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं होतं. लावणाऱ्या सिस्टरवर माझा राग नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हा दिवा काय म्हणतोय. मी सहाही डिटेक्टर साफ केले, चालू केले, आणि बी फॉर्म त्यानंतर दिला. पण कागदावर 'रिपीटर पॅनल: चालू' एवढं लिहून मी पट्टीसकट सही केली असती, तर मला अडवणारं तिथं कुणी नव्हतं.

म्हणून आपल्या दैनिकातून माझी मागणी आहे. महापालिकेच्या आणि नगरपालिकांच्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी या जुलैत दवाखान्यांची तपासणी करताना एकदा तरी रात्री दहानंतर जावं. एक डिटेक्टर वाजवावा. रिपीटरसमोर जी सिस्टर, जो वॉर्डबॉय ड्युटीवर असेल, त्यालाच वाचायला सांगावं आणि त्याच्या मागं चालत जावं. तो योग्य दारापाशी पोचला तर रिपीटर चालू. नाही पोचला तर बंद, मग दिवे कितीही लागोत. सोबत आमच्यासारखा तंत्रज्ञ नसावा. आम्ही असलो की डोळ्यांनी खुणा करतो, हेही कबूल करतो.

दवाखान्यांच्या मालकांना, ट्रस्टींना एक विनंती. कोटेशन मागवताना जागांची नावं टाकण्याचं काम वेगळी ओळ म्हणून मागा आणि त्याचे पैसे द्या. आज ते कोणी धरत नाही, म्हणून ते शेवटच्या संध्याकाळी उरतं आणि पोरं ते सोडून देतात. सोबत आपला एक जुना माणूस द्या, जो त्या इमारतीत झाडू मारतो, चादरी नेतो, जेवणाची ट्रॉली ढकलतो. तेवढी माहिती ऑफिसातल्या कुणाकडे नसते. इमारतीत खोली बदलली, वॉर्डाचं डायलिसिस झालं, तर त्याच आठवड्यात नाव बदलून घ्या. आणि माझ्या तंत्रज्ञ बंधूंना: 'पुढच्या व्हिजिटला टाकू' म्हणू नका. मी म्हणालो होतो.

त्या पाच मजली दवाखान्यावर आता सहावा मजला चढला आहे. ३१ नवे डिटेक्टर लागले, अतिदक्षता विभागाजवळ दुसरा रिपीटर आला. येत्या सोमवारी त्यांची नावं टाकायची आहेत. मावशी गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, मालगावला असतात. परवा त्यांना फोन केला. म्हणाल्या, 'नव्या मजल्याची नावं मला कुठं ठावं? पोरींनी काय ठेवल्यात ती बगाया पायजेत.' सोमवारी दुपारी दोनला त्यांना आणायला गाडी घेऊन जाणार आहे.

आपला नम्र,
एक फायर अलार्म तंत्रज्ञ, मिरज

(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती. माझ्या नावावरून दवाखाना ओळखला जाईल.)